रेहाना आपा, तुझ्या गाडीचा व्हायझर

आपा, तुझी गाडी अजून माझ्याच पार्किंगमध्ये उभी आहे. तुझे इब्राहिमभाई म्हणतात, राहू दे तुझ्याकडे, मी काय करू तिचं. मी रोज सकाळी खाली जाते, इंजिन चालू करते, थोडा वेळ नुसती बसते आणि वर येते. श्रीकांतने विचारलं तर सांगते, बॅटरी उतरू नये म्हणून. ते खोटं नाही, पण तेवढंच खरं नाही, हे त्यालाही कळतं.

तुझ्याबद्दल बोलायला मला माणूसच सापडत नाहीये. नाशिकला आईला फोन केला. ती म्हणाली, "शेजारीण होती ना गं ती तुझी?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात भेटतात, माझा हात हातात घेतात, सबर कर म्हणतात. चांगल्या आहेत त्या. पण त्यांना आजारी पडल्यानंतरचीच तू जास्त ठाऊक, आणि मला फक्त त्या रेहानाबद्दल बोलायचं नाहीये. म्हटलं, तुझ्याशीच बोलावं. तसंही आपलं एक भांडण अर्धंच राहिलंय.

मी ताइफला आले तो हिवाळा आठवतो तुला? सौदी म्हणजे वाळू आणि ऊन, एवढंच डोक्यात घेऊन मी सुती कपड्यांच्या दोन बॅगा भरून आणल्या होत्या. इथे उतरले तर थंडीने दात वाजायला लागले. श्रीकांतची नोकरी समुद्राचं पाणी गोडं करून डोंगरावर चढवणाऱ्या पंपांवर. तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. एकदा जिन्यातच मी त्याच्यावर चिडले, मोठ्याने, की मला इथे आणून टाकलंस आणि एक हीटर आणता येत नाही. समोरचं दार उघडलं. तू उभी होतीस, ओढणी खांद्यावर, हाताला पीठ. मला वाटलं, ही आता आवाज कमी कर म्हणणार. तू म्हणालीस, "मराठीत भांडतेस? भांड, भांड. किती दिसांनी ऐकतेय."

त्याच संध्याकाळी तू रजई आणून दिलीस. वर तांदळाच्या भाकऱ्या. तुझं गाव श्रीवर्धनकडचं, माझं नाशिक. तू दहा-बारा वर्षांनी मोठी. तुझ्या घरी नमाज, माझ्या घरी देव्हारा. तू 'नाय' आणि 'हाय' म्हणायचीस आणि मी 'ण' आणि 'न' वेगळा करून दाखवला की हसायचीस. मला 'माधवी' म्हणायला तुला लांब वाटायचं. 'माधू' केलंस. ते नाव दुसरं कुणी घेत नाही. आता घेणारही नाही.

इथे बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, तेव्हा आपल्या बिल्डिंगमधल्या बायकांमध्ये सगळ्यात आधी लायसन्स काढलंस ते तू. हौस म्हणून नाही. इब्राहिमभाईंना काचबिंदू. डॉक्टरांनी त्यांना गाडी सोडायला लावली होती आणि गाडी खाली धूळ खात पडली होती. कपड्याच्या दुकानात ते ताग्याला हात लावून माल ओळखायचे, त्यामुळे नोकरीचं निभत होतं. पण दुकानापर्यंत पोचवणार कोण? तू पोचवायला लागलीस. मग तुझ्या सनाला शाळेत. मग मला बाजारात. मग एक दिवस किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणालीस, आज तू.

मला शिकवताना तू बाजूला बसून फुटाणे खायचीस. मी चुकत असले तरी काही बोलायची नाहीस. चाक फुटपाथला घासलं की मात्र गाडी थांबवायला लावायचीस. "आता उतर आणि बघ, बाजूला किती जागा होती." मी उतरून बघायचे. भरपूर जागा असायची. दर वेळी.

तुझ्या उंचीला ती गाडी मोठी होती. सीटवर उशी घेऊन बसायचीस आणि डोळ्यांसमोरची उन्हाची झडप, तो व्हायझर, कायम खाली. उन्हात उभी राहून राहून त्याचं प्लॅस्टिक कधी तडकलं कुणास ठाऊक. वर लावला की खाली यायचा, हळूहळू, डुलकी लागलेल्या माणसाच्या मानेसारखा. तुला त्याचं काही नव्हतं. म्हणायचीस, मला तो खालीच लागतो, वर राहून काय करायचंय त्याला? मी चालवायला बसले की मात्र त्रास व्हायचा. मी उंच. तो खाली आला की माझ्या डोळ्यांपुढे करडी फळीच. शहरात काही वाटायचं नाही. हाताने वर ढकलायचं, पुढे जायचं.

मग तुझं पोट दुखायला लागलं. तू ओवा खाल्लास, इब्राहिमभाईंनी मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी दिलं, मी डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागले. इथल्या डॉक्टरने तपासण्या केल्या आणि जेद्दाला पाठवलं. जेद्दाच्या डॉक्टरने दार लावून घेतलं आणि मग सांगितलं. तू बाहेर आलीस तेव्हा मला विचारलंस, इथं जवळ कुठं चहा मिळतो का बघ. चहा पिऊन झाल्यावर सांगितलंस.

सना तेव्हा पुण्यात फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. तिला तू लपवलं नाहीस, हे बरं केलंस. फोनवर सगळं सांगितलंस आणि वर बजावलंस की पेपर दिल्याशिवाय यायचं नाही. ती रडली, तू ओरडलीस, तिने ऐकलं.

दर तीन आठवड्यांनी जेद्दा. वेळ संध्याकाळची मिळायची, म्हणजे दुपारी निघायचं, हदाचा घाट उतरायचा, औषध चढवून झालं की तुझ्या ओळखीच्या घरी रात्र काढायची आणि सकाळी परत. जाताना पश्चिमेचं ऊन तोंडावर, येताना पूर्वेचं. तू म्हणालीस, "सूर्य आपला कफील झालाय गो. जाऊ तिथं पुढ्यात उभा." मी हसले; ज्याच्या सहीशिवाय इथे परक्याला हलता येत नाही, त्या मालकाची उपमा तुलाच सुचायची. तू त्या वेळी स्वतः चालवत होतीस.

घाट संपल्यावर मक्केच्या हद्दीआधी ती पाटी येते. मुसलमानांनी सरळ, बाकीच्यांनी बाजूच्या रस्त्याने. मी बरोबर नसते तर तू सरळ गेली असतीस आणि लवकर पोचली असतीस. मी म्हणायचे, आपा, कुणा दुसऱ्याला घेऊन जा, माझ्यामुळे आजारी माणसाला एवढा वळसा. तू इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घ्यायचीस. "मला काय घाई हाय? सुई टोचून घ्यायलाच चाललोय."

इब्राहिमभाईंना तू कधी बरोबर घेतलं नाहीस. म्हणायचीस, तिथं बसून त्यांना दिसणार काय, आणि दर मिनिटाला मलाच विचारतील काय चाललंय म्हणून. ते घरी फोनजवळ बसून राहायचे.

औषधाने तुझे केस गेले, भुवया गेल्या, त्यावर तू फारसं बोलली नाहीस. पण बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा घाबरलीस. सुईत दोरा ओवता येईना. भाकरीच्या पिठात पाणी जास्त पडलं तरी कळेना. आणि एक दिवस घाटाच्या तोंडाशी, जिथे माकडं कठड्यावर बसलेली असतात तिथे, तू गाडी थांबवलीस. मला वाटलं उलटी होतेय. तू दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवलेस आणि त्यांच्याकडे बघत म्हणालीस, "माधू, मला चाक लागत नाय हाताला. पकडलंय की सुटलंय, कळत नाय."

मी तोवर घाटात कधी चालवलं नव्हतं. तुला ते माहीत होतं. आपण जागा बदलल्या. तू तुझी उशी काढून मागच्या सीटवर टाकलीस, मी सीट मागे घेतली. तू फुटाणे वगैरे काही काढले नाहीस.

पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणावर ऊन सरळ काचेवर आलं, गाडीला हिसका बसला आणि व्हायझर धाडकन माझ्या डोळ्यांपुढे पडला. समोरचा रस्ता गेला. मला फक्त ती करडी फळी आणि खाली थोडंसं बॉनेट दिसत होतं. डाव्या हाताने वर ढकलला तर पुन्हा खाली. एका हाताने स्टिअरिंग, मागे ट्रकचा हॉर्न. मी ओरडले असेन. तेवढ्यात तुझा हात आला. तू पट्टा ताणून पुढे वाकलीस आणि डाव्या हाताने व्हायझर छताला दाबून धरलास.

"रस्ता बघ," एवढंच म्हणालीस.

सबंध घाट तू तो तसाच धरून उतरवलास, आपा. हात खांद्याच्या वर, तोच हात ज्याच्या शिरा सुयांनी काळ्यानिळ्या झाल्या होत्या. मी दोनदा म्हटलं, सोड, मी बघते. तू ऐकलं नाहीस. बोटांना काही लागत नव्हतं, म्हणून तू तळव्याने दाबत होतीस आणि हात अजून तिथेच आहे ना, हे मान वळवून बघत होतीस. खाली सपाटीला आल्यावर मी गाडी बाजूला घेतली. तू हात खाली आणलास तर तो थरथरायचा थांबेना. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरून बसले. मला तेव्हा तुला काहीतरी सांगायचं होतं. काय ते आजही नीट सांगता येणार नाही. मी म्हणाले, पाणी देऊ का? तू म्हणालीस, दे.

परत आल्यावर श्रीकांत गाडी सनाइयात घेऊन गेला, तिथल्या गॅरेजांच्या ओळीत. गॅरेजवाला म्हणाला, या जुन्या मॉडेलचा व्हायझर मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही, तोवर काढूनच टाकतो. मला ते एकदम पटलं. काढून टाकू दे, मी काळा चष्मा घालीन. श्रीकांतने तुला फोन केला. तू नाही म्हणालीस. मी फोन घेतला. म्हटलं, आपा, हट्ट काय करतेस, दोघींचा जीव जाईल एखाद्या दिवशी. तुझा आवाज चढला. आठ वर्षांत तू माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतास.

"काढू नका. मी परत चालवणार तेव्हा मला लागल तो."

श्रीकांत गाडी तशीच परत घेऊन आला.

त्या शुक्रवारी सकाळी तू माझ्या दारात उभी राहिलीस, हातात इब्राहिमभाईंची जुनी हत्यारांची पिशवी. म्हणालीस, चल, आपणच करू. मोबाइलवर कुठेतरी बघून आली होतीस. आपण दोघी खाली पार्किंगमध्ये गेलो. व्हायझर जिथे छताला बसवलेला असतो तिथलं प्लॅस्टिकचं टोपण मी चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, ते उडून सीटखाली गेलं, आपण दोघी वाकून शोधत बसलो. मग स्क्रू. मग आरशाजवळच्या छोट्या दिव्याची वायर. ती ओढू नको, तिचा जोड सोडव, असं तू चारदा सांगितलंस. व्हायझर हातात आला तेव्हा तो इतका हलका होता की मला रागच आला त्याचा. एवढ्याशा वस्तूने माझा जीव काढला होता.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आपण तो ठेवला. कडेची शिवण सुरीने उसवली. आत एक दांडी, दांडीला घट्ट धरणारी एक पत्र्याची चाप, आणि ती चाप ज्यात बसते ते प्लॅस्टिक तडकलेलं. चाप सैल झाली होती, एवढंच. तू म्हणालीस, दांडी जाड केली की चाप परत धरल. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली. ती दांडीवर गुंडाळायची, वर टेप, आणि तडकलेल्या जागेवर प्लॅस्टिकचा पट्टा आवळायचा.

टेप तुला स्वतःला लावायची होती. मी रीळ तुझ्या हातात दिलं. तू टेपचं टोक शोधत राहिलीस. नखाने खरवडायचीस, फिरवायचीस, पुन्हा खरवडायचीस. टोक तुझ्या अंगठ्याखालीच होतं. मला दिसत होतं. शेवटी तू रीळ टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, "तू कर."

मी करता करता ते बोलून गेले. आपा, गावी जा. श्रीवर्धनला तुझी बहीण आहे, सना पुण्याहून दर शनिवारी येईल, समुद्र आहे, आपली माणसं आहेत. इथे काय आहे? एक फ्लॅट आणि मी. तू म्हणालीस, नाय जाणार. मी विचारलं का. तू मला पट्टा कुठून ओवायचा ते दाखवलंस. मी पुन्हा विचारलं.

"तिथं गेले की सगळी बघायला येतील," तू म्हणालीस. "उशाशी बसून रडतील. आणि मंग मलाच त्यांना समजवत बसायला लागल. इथं मी रेहाना हाय. तिथं मी नुसती आजारी."

मी म्हटलं, हे काही कारण झालं का? सनाचा विचार कर. तुझं काही बरंवाईट झालं तर ती परदेशात कुठे येणार, कुणाच्या गळ्यात पडणार? मी ते शब्द वापरले, 'बरंवाईट'. तू माझ्याकडे पाहिलंस. पट्टा ओढून आवळ म्हणालीस, अजून, अजून. मी इतका आवळला की टोक तुटून माझ्या हातात आलं. पण चाप बसली होती. आपण कडा शिवली, तू मोठे मोठे टाके सांगितलेस आणि मी घातले. ते टाके अजून तसेच आहेत, वाकडे.

ते भांडण तिथेच थांबलं. मला वाटलं, पुढच्या खेपेला पुन्हा काढू. मला खात्री होती की मीच बरोबर आहे आणि तुला पटवायला वेळ आहे.

व्हायझर बसवून झाल्यावर तू मला उतरायला सांगितलंस आणि चालकाच्या सीटवर बसलीस, उशी घेऊन. गाडी उभीच होती. व्हायझर खाली ओढलास. करकरत आला, पण आला आणि जिथे सोडलास तिथे राहिला. त्याच्यामागचा आरसा उघडलास. बराच वेळ स्वतःकडे पाहिलंस. भुवया नसलेल्या कपाळावरून बोट फिरवलंस. स्कार्फ थोडा पुढे ओढलास. मग आरसा मिटलास, व्हायझर वर ढकललास. तो वर राहिला.

"चालतंय," म्हणालीस आणि किल्ली मला दिलीस.

त्यानंतर तू त्या सीटवर बसली नाहीस.

पुढच्या खेपा मीच चालवलं. व्हायझर पुन्हा कधी पडला नाही. तू बाजूला बसून झोपायला लागलीस. आधी घाट संपल्यावर, मग घाटातच. मी वळणं हळू घ्यायचे, तुझं डोकं काचेवर आपटू नये म्हणून. मग जेद्दाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता यायची गरज नाही. तो दिवस मी लिहिणार नाही. तुला माहीत आहे.

तू घरीच गेलीस, सकाळी, इब्राहिमभाई तुला दूधपाव भरवायचा प्रयत्न करत होते तेव्हा. त्यांनी माझं दार वाजवलं. म्हणाले, "माधवी, जरा बघ तर, ही गिळत नाही." मी गेले, पाहिलं. मग मला त्यांना सांगावं लागलं, कारण त्यांना दिसत नव्हतं.

बायका आल्या. तुला आंघोळ घालायला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. मी बाहेर. मला कुणी हाकललं नाही, पण माझं तिथे काम नव्हतं. मी तुझ्या स्वयंपाकघरात चहा ठेवत राहिले, एकामागून एक, जितके आले त्यांना. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर पुरुष तुला घेऊन गेले. मी बाल्कनीतून पाहिलं. कोपऱ्यावर गाडी वळली. एवढंच.

सगळे गेल्यावर इब्राहिमभाई उठले आणि स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला नाही. मी दारात होते. त्यांनी हात पुढे न करता सरळ ओट्यापर्यंत पावलं टाकली, शेल्फवरून पेला घेतला, फ्रीज उघडला, पाणी ओतलं, पेला विसळून उपडा घातला. एक थेंब सांडला नाही. मग कॉटपर्यंत गेले आणि बसले. तीस वर्षं ते या घरात वावरलेत. गावच्या घरात ते पाहुण्यासारखे महिनाभर राहिलेले, तेही डोळे चांगले होते तेव्हा.

तेव्हा मला कळलं की तू का गेली नाहीस. तू मला ते सांगितलं नाहीस. बघायला येणाऱ्या माणसांचं कारण सांगितलंस. तेही खरं असेल थोडं. पण मी ज्याच्यावरून तुझ्याशी भांडत होते ते हे नव्हतंच. मला सांगितलं असतंस तर मी गप्प बसले असते का? नसते. म्हणाले असते, इब्राहिमभाईंना गावी सवय होईल. म्हणून नाही सांगितलंस बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सनाचं विमान जेद्दाला येणार होतं. तिचा शेवटचा पेपर तू गेलीस त्याच दिवशी होता. पेपर देऊन बाहेर आल्यावर तिला कळलं. श्रीकांतची ड्युटी होती. मी एकटी तुझी गाडी घेऊन निघाले. घाट एकटीने उतरण्याची पहिलीच वेळ. ऊन होतंच समोर. बाजूच्या सीटवर कुणी नव्हतं आणि मी तरीही वळणं हळूच घेतली.

सना बाहेर आली तेव्हा मला ती ओळखू आली नाही. उंच झाली आहे. खांद्याला एकच बॅग. रडली नाही. गाडीत बसल्यावर तिने सारखं तेच सांगितलं, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत: अम्मीने म्हटलं होतं पेपर दे, रोज म्हणायची पेपर दे, आंटी, मी यायला हवं होतं ना? मी म्हटलं, ती तुझ्यावर चिडली असती. ते खरं होतं आणि त्याने तिला काही बरं वाटलं नाही.

परवा तिला कबरस्तानात जायचं होतं. इब्राहिमभाईंनी सांगितलं की बायका आत जात नाहीत. ती म्हणाली, मला माहीत आहे, मी इथेच वाढले. पण निदान बाहेर. मी दोघांना घेऊन गेले. लांबलचक पांढरी भिंत, मधे लोखंडी फाटक. इब्राहिमभाई राखणदाराच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. मी आणि सना गाडीत. फाटकाच्या गजांतून आतलं दिसत होतं: मातीचे बुटके उंचवटे, प्रत्येकाच्या डोक्याशी एक दगड, कशावरही नाव नाही. इथून तिथून सगळे सारखे.

सनाने विचारलं, "कौन सी है, आंटी?"

मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी बाल्कनीत होते. मी तिला म्हटलं, अब्बांना माहीत असेल. आणि मग मला तुझा राग आला, आपा, खूप राग आला. तुझी बाजू मला कळली होती, तरी आला. या पोरीला हात ठेवायला जागा नाही. श्रीवर्धनला असतीस तर नारळाच्या झाडाखाली कुठेतरी असतीस, तुझ्या आईशेजारी, तूच सांगितलेल्या त्या कबरस्तानात. तिथे तिला निदान कुणीतरी बोट दाखवून सांगितलं असतं. मी त्याच भांडणाला पुन्हा बसले होते, तिथे, गाडीत, तुझ्याशिवाय. आणि एकीकडे मला दिसत होतं की तू काही ऐकलं नसतंस.

इब्राहिमभाईंना बराच वेळ लागला. राखणदाराने त्यांना जागा दाखवली की त्यांनी अंदाजाने शोधली, मी विचारलं नाही. ते बाहेर आले तेव्हा गुडघ्यांवर माती होती आणि दोन्ही हात मनगटापर्यंत मळलेले. ते खाली बसले असणार, हाताने चाचपलं असणार. फाटकाजवळ नळ आहे. राखणदाराने तो सोडला आणि त्यांना हाताला धरून तिकडे नेलं.

सना गाडीतून उतरली. धावली नाही, पण भराभर गेली.

"अब्बा, रुकिए. हाथ मत धोइए."

ते थांबले. तिने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. आधी नुसते धरले, मग आपले तळवे त्यांच्या तळव्यांवर घासायला लागली, हळूहळू, बोटांच्या फटींतून, मनगटापर्यंत, जोवर तिचेही हात मातीने भरले. नळ वाहत राहिला. राखणदाराने मान वळवली आणि तो बंद केला.

इब्राहिमभाईंना तिचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, "रडतेस काय गो?"

ती म्हणाली, नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी एक हात सोडवून घेतला आणि तिचा चेहरा चाचपला, कपाळ, डोळे, गाल. मातीचे ओले पट्टे तिच्या गालावर उमटले. घरी येईपर्यंत तिने ते पुसले नाहीत.